भागिले चार

पत्र केंद्राच्या पत्त्यावर आलं होतं, पण आत नावं तिघींची होती. मी ते दारात उभ्याउभ्याच वाचलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. 'परीक्षेतील गैरप्रकार', 'परस्परांच्या उत्तरांची नक्कल', 'चौकशी समितीसमोर हजर राहावे'. आमच्या पोरींनी कॉपी केली म्हणे. ज्या पोरी हॉस्टेलच्या नळाला पाणी येत नाही हे सांगायलासुद्धा तीन दिवस लाजतात, त्या कॉपी करणार!

तिघी म्हणजे मोठी, वकीलबाई आणि घुमी. कागदावर त्यांची रीतसर लांबलचक नावं आहेत, पण आमच्या टेबलावर याच नावांनी हाका मारतात. मोठी एकतिसाव्या वर्षी नर्सिंगच्या पदवीला आलेली, घरी सासूपाशी सहा वर्षांची लेक ठेवून. वकीलबाई प्रत्येक गोष्टीवर वाद घालते, म्हणून वकीलबाई. घुमी तासन्‌तास बोलत नाही आणि बोलली की सगळे गप्प बसतात. तिघी शेवटच्या सत्रात. तीन महिने ढकलले की पदवी हातात, आणि मोठीसाठी तर वस्तीच्या दवाखान्यात जागाही राखून ठेवलेली. पदवी घेतलेली आमच्या लोकांतली पहिली नर्स तीच होणार होती. दोष सिद्ध झाला तर नाव कायमचं कमी, आणि पुन्हा या अभ्यासक्रमाला अर्जही करता येणार नाही, असं पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. महत्त्वाचं तेवढं बारीक लिहायचं, ही यांची जुनी खोड.

मी कोण, तेही सांगते. आदिवासी विद्यार्थी केंद्र विद्यापीठाच्या सगळ्यात मागच्या इमारतीत आहे, तळमजल्यावर, कॅन्टीनच्या भांडी घासायच्या खोलीला चिकटून. दोन खोल्या, एक कपाट, एक लांब टेबल, बारा खुर्च्या. सकाळी तिथे शिष्यवृत्तीचे अर्ज, हॉस्टेलच्या तक्रारी आणि रडारड. शनिवारी वस्त्यांमधली शाळकरी पोरं गाडीभरून येतात, प्रयोगशाळा बघतात, हे सगळं आपल्यालाही जमेल असं त्यांना वाटावं म्हणून. आणि रोज संध्याकाळी चार ते सहा नर्सिंगच्या मुलींचा अभ्यास. तो मी घेते. मी वस्तीच्या दवाखान्यात सव्वीस वर्षं सिस्टर होते. पदवी नाही, दोन वर्षांचं सर्टिफिकेट आहे. केंद्रप्रमुखांनी कुलगुरूंपर्यंत खेटे घालून माझ्यासाठी खास परवानगी आणली, 'अनुभवी मार्गदर्शक' म्हणून, आणि ती दरवर्षी नव्याने आणावी लागते. मुली मला आत्या म्हणतात. बाकीचं विद्यापीठ मला मावशी म्हणतं आणि टेबल पुसायला सांगतं. मी पुसतेही, पण असं काही बघते की माणूस दुसऱ्यांदा सांगत नाही.

टेबलाचा नियम माझाच. जिला आधी कळेल तिने बाकीच्यांना सांगायचं, आणि शेवटच्या मुलीला कळल्याशिवाय कोणी उठायचं नाही. केंद्र निघालं त्या वर्षी आमच्या सहा मुली नर्सिंगला आल्या आणि चार नापास होऊन परत गेल्या. डोकं नव्हतं म्हणून नाही. आपापल्या खोलीत कडी लावून एकटीने कुढत बसल्या म्हणून. आमच्याकडे एकटं बसून काही शिकायची सवयच नसते कोणाला. टेबल सुरू झाल्यापासून एकही नापास नाही, हे मी छातीठोकपणे सांगायचे.

त्या संध्याकाळी मी तिघींना समोर बसवलं आणि फैलावर घेतलं. पेपर घरी सोडवायचा होता, एकटीने. सोडवला का एकटीने? हो म्हणाल्या. मोठीने हॉस्टेलच्या गच्चीवर, वकीलबाईने वाचनालयात, घुमीने आपल्या खोलीत. एकमेकींना दाखवला? नाही. फोनवर बोललात? नाही. वकीलबाईला रडू फुटलं, आणि ती रडताना मी पहिल्यांदाच पाहिली. माझा विश्वास बसला. मग मी प्रश्नपत्रिका मागितली.

प्रश्न सलाइनचे होते. एक लिटर आठ तासांत द्यायचं, तर मिनिटाला किती थेंब? असे पाच. तिघींची पाचही उत्तरं अगदी सारखी, आणि पाचही चूक दिलेली. पायऱ्या नाहीत, सूत्र नाही, नुसता भागाकार आणि उत्तर. पत्रात म्हटलं होतं, वर्गातल्या बाकी अठ्ठावन्न जणांपैकी एकाचंही उत्तर असं आलेलं नाही. मी पहिलं गणित मनातल्या मनात केलं. आठ तासांत हजार, म्हणजे तासाला सव्वाशे. भागिले चार. एकतीस थेंब. मुलींनीही एकतीसच लिहिलं होतं. पेपर काढणाऱ्या बाईंच्या उत्तरसूचीत बेचाळीस.

मला हसूच आलं. म्हटलं, अगं, तुमचं काही चुकलेलं नाही, त्या बाईंचंच चुकलंय. मी सव्वीस वर्षं सलाइनं लावलीत, मला शिकवतात होय! तासाचे मिली घ्यायचे आणि चारने भागायचं. मला दवाखान्यातल्या थोरल्या सिस्टरने असं शिकवलं, मी टेबलावर तसंच शिकवलं. तिघींचे चेहरे उजळले. मोठी म्हणाली, आत्या, तुम्ही उद्याच जाऊन सांगा त्यांना. मी म्हटलं, सांगते कसली, खडसावते चांगली.

औषधशास्त्राच्या बाईंची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. तक्रार त्यांनीच केलेली. पन्नाशीच्या, बारीक, चष्मा केसांत खोवलेला. मी आत गेले आणि बसायच्या आधीच सुरू झाले. पोरींना चोर ठरवायच्या आधी स्वतःची उत्तरं तपासा म्हटलं. पुस्तकातलं सोडा, वॉर्डात उभं राहून थेंब मोजलेत का कधी, तेही विचारलं. आणखीही बरंच बोलले. माझं संपल्यावर त्यांनी खण उघडला, सलाइनच्या नळीचं एक सीलबंद पाकीट काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"मागची बाजू वाचा," त्या म्हणाल्या.

बारीक निळी अक्षरं होती. मी पाकीट लांब धरून वाचलं. एक मिली बरोबर वीस थेंब.

बाईंनी मग शांतपणे समजावलं. नळ्या वेगवेगळ्या असतात. काहींचा थेंब मोठा, पंधरा थेंबांचा एक मिली होतो, तिथे चारने भागलं की बरोबर येतं. काहींचा थेंब लहान, वीस लागतात, तिथे तीनने भागायचं. प्रश्नपत्रिकेत पाकिटाचं चित्रच दिलं होतं आणि त्यावर वीस लिहिलं होतं. ते बघायचं आणि मग भागायचं, हाच तर प्रश्न होता. तिन्ही मुलींनी चित्राकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एकीने दुसरीचं उतरवलं असल्याशिवाय तिघी एकाच वेळी आंधळ्या कशा होतील, असं त्यांनी मला विचारलं.

त्याचं उत्तर माझ्यापाशी होतं. तिघींना मी सांगितलं होतं की पाकिटाकडे बघायची गरज नाही, चारने भागा आणि मोकळ्या व्हा. माझे शब्द मला जसेच्या तसे आठवत होते. पण मी पाकीट टेबलावर ठेवलं, बघते म्हणाले आणि खाली आले.

इथल्या रुग्णालयात वॉर्डात यंत्रं आहेत. आकडा दाबला की ते यंत्रच सलाइन सोडतं, थेंब कोणी मोजत नाही. म्हणून तीन वर्षांत मुलींची ही चूक कोणाच्या नजरेला आली नव्हती. मी स्वतःची समजूत घातली की आमच्या दवाखान्यातल्या नळ्या पंधराच्याच होत्या. मी शिकले तेव्हा सिस्टरने पाकीट दाखवून शिकवलं होतं, त्यावर पंधरा लिहिलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणजे माझं चुकलं ते एवढंच, की तिथलं मी इथे शिकवलं.

एवढंच होतं, तर मग सांगायचं ना सरळ? नाही सांगितलं. तिघींना बाजूला घेऊन फक्त तीनचं आणि चारचं समजावलं, पाकीट बघत जा म्हटलं, आणि बाई काय म्हणाल्या ते विचारल्यावर बघू म्हणून उडवून लावलं. चौकशीला दोन दिवस होते. त्या दोन दिवसांत मी केंद्रप्रमुखांच्या खोलीच्या दारापर्यंत चारदा गेले आणि चारदा परत फिरले. बिनपदवीची बाई ठेवली आणि तिने पोरींना चूक शिकवलं, हे वर गेलं की माझी परवानगी रद्द होणार, टेबल बंद होणार, केंद्रावर बोट ठेवायला कारण मिळणार. ही सगळी कारणं खरी होती. पण खरं कारण हे की मला लाज वाटत होती. सव्वीस वर्षं माझा शब्द खाली पडला नव्हता.

चौकशी अकरा वाजता होती. मोठी साडेदहालाच येऊन बसली होती, कडक इस्त्रीच्या गणवेशात, केस चापूनचोपून बांधून. प्रशासनाच्या इमारतीतला तो बोळ लांबच लांब, भिंतीला जोडलेल्या लोखंडी खुर्च्या, आणि थंड पाण्याचं यंत्र जे दर दोन मिनिटांनी हुंकार देतं. वकीलबाई आणि घुमी पलीकडे बसल्या होत्या, हातात हात घालून. केंद्रप्रमुख आतबाहेर करत होते. बिचाऱ्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

मोठीने मला बाजूला बोलावलं. मला वाटलं, धीर मागते आहे. तर ती म्हणाली, की काल समितीच्या कारकुनाने तिला सांगितलंय, जिने उत्तरं दिली तिने कबूल केलं तर बाकी दोघींना नुसती ताकीद देऊन सोडतील. सगळ्यांनी नाही म्हटलं तर तिघींना काढतील.

"मी सांगणार आहे, माझं बघून लिहिलं म्हणून," ती म्हणाली. "त्या दोघी लहान आहेत, आत्या. माझं काय, मला तसंही लेकीकडे जायचंच आहे."

शेवटचं वाक्य तिने हसून म्हटलं. तिची लेक फोनवर तिला विचारते, तू नर्स झालीस का गं, रोज विचारते. तीन वर्षं ही बाई पहाटे चारला उठून अभ्यास करते. आणि जे पाप तिने केलंच नव्हतं ते ती पदरात घ्यायला निघाली होती, आणि ज्या बाईने ते केलं होतं तिलाच विश्वासाने सांगत होती. मी तिला म्हटलं, तू गप्प बस, खोटं बोलायचं नाही. तिने विचारलं, मग खरं काय सांगायचं? मी काही बोलणार तोच दार उघडलं आणि आत बोलावलं.

खोलीत लांब टेबल, पण आमच्यासारखं नाही. पलीकडे तिघे बसलेले आणि अलीकडे आपण, मध्ये एवढं अंतर की कागद सरकवायला उठावं लागतं. मधले अध्यक्ष कायदा शिकवणारे, पांढऱ्या भुवयांचे, सावकाश बोलणारे. एका बाजूला तो कारकून, दुसऱ्या बाजूला कोणी एक सदस्य, जो सारखा घड्याळ बघत होता. औषधशास्त्राच्या बाई खिडकीपाशी वेगळ्या बसल्या होत्या, मांडीवर तिन्ही पेपर घेऊन. केंद्रप्रमुख आणि मी मुलींच्या मागे. आम्हाला बोलायची मुभा नव्हती, नुसतं बसायची.

अध्यक्षांनी आरोप वाचला. मग एकेकीला विचारलं. वकीलबाई एकही वाद न घालता म्हणाली, मी माझं माझं सोडवलं. घुमीनेही तेच सांगितलं, इतक्या हळू की अध्यक्षांनी कानाला हात लावला. सदस्य म्हणाला, तिघींच्या पाचही चुका अंकाअंकाने जुळतात, हा योगायोग म्हणायचा का? लगेच त्याने विचारलं, मूळ पेपर कोणाचा? सांगून टाका, म्हणजे सगळ्यांचाच वेळ वाचेल.

मोठी उभी राहिली. तिने गणवेशाची बाही सारखी केली, आणि मला तिची मान तेवढी दिसत होती, ताठ.

"सर, तो पेपर," तिने सुरुवात केली.

"बस खाली," मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे वळले. केंद्रप्रमुखांनी माझा हात धरला, मी तो सोडवला. अध्यक्ष म्हणाले की मला बोलायची परवानगी नाही. मी म्हटलं, नसू दे, लिहून घ्या की बाई विनापरवानगी बोलली. एकदा तोंड उघडल्यावर माझी भीती कुठे गेली कोण जाणे.

मी सगळं सांगितलं. चारने भागा हे मी शिकवलं. पाकिटाकडे बघू नका हेही मीच सांगितलं. टेबलावर मी एक गोष्ट सांगते आणि शेवटच्या मुलीच्या डोक्यात शिरेपर्यंत कोणाला उठू देत नाही, म्हणून ती तिघींच्या डोक्यात सारखीच बसली, चुकीसकट. त्यांनी एकमेकींचं पाहिलं नाही, तिघींनी माझं ऐकलं. ही चूक मला दोन दिवसांपूर्वी कळली, बाईंनी पाकीट हातात दिलं तेव्हा, आणि तरी मी तोंड शिवून बसले, कारण मला लाज वाटली. आत्ता ही पोरगी जे सांगणार होती ते खोटं आहे. ती त्या दोघींना वाचवायला स्वतःचा बळी देत होती.

घड्याळ बघणारा सदस्य म्हणाला, की मार्गदर्शकांनी मुलींना वाचवायला अशी गोष्ट रचणं शक्य आहे. त्याला पुरावा हवा होता. मी म्हटलं, पहिल्या वर्षाच्या आणि दुसऱ्या वर्षाच्या पाच मुली या घडीला केंद्रात बसल्या आहेत. नव्या आहेत, त्यांना तीनचं मी अजून सांगितलेलं नाही. हाच प्रश्न आणि हेच पाकिटाचं चित्र त्यांच्यापुढे ठेवा, मी इथून हलत नाही.

खिडकीपाशी बसलेल्या बाई उठल्या. मी करते, म्हणाल्या, आणि प्रश्नपत्रिका घेऊन निघाल्या. आम्ही सगळे पंचवीस मिनिटं बसून राहिलो. मोठीने मागे वळून माझ्याकडे पाहिलं नाही, मला वाटत होतं की तिने बघावं, आणि बघू नये असंही वाटत होतं. बाई परत आल्या त्या पाच कागद घेऊन. वेगवेगळ्या कोपऱ्यात बसवून सोडवून घेतले, असं त्यांनी सांगितलं, आणि कागद अध्यक्षांपुढे ठेवले. एकतीस, एकतीस, एकतीस, एकतीस आणि एकतीस.

अध्यक्षांनी पाचही कागद दोनदा पाहिले. मग त्यांनी दोन्ही बाजूंना कुजबुज केली आणि सांगितलं की नक्कल झालेली नाही, तक्रार निकाली काढण्यात येते. तिघींना त्या पाच प्रश्नांचे गुण मिळणार नाहीत, पण बाकी कारवाई काही नाही. मार्गदर्शकांबद्दल वेगळा अहवाल जाईल. जाऊ दे, म्हटलं मनात. वकीलबाई हुंदके देऊन रडायला लागली, घुमी तिची पाठ थोपटत होती. केंद्रप्रमुखांनी खुर्चीत मागे अंग टाकलं. मला इतकं हलकं वाटत होतं की त्या सदस्यालासुद्धा मी मिठी मारली असती.

लोक कागद आवरायला लागले. बाई माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, दोन चांगले शब्द बोलतील. त्यांनी विचारलं, "तुमच्या दवाखान्यात पंधराच्याच नळ्या होत्या ना?"

हो, मी म्हटलं. पंधराच्याच.

"कधी पाहिलं होतं?"

मी आठवायला लागले. सिस्टरने दाखवलं होतं, मी नवीन होते तेव्हा. त्यानंतर? खोकी यायची, आम्ही फोडायचो, पाकीट फाडायचं आणि नळी लावायची. खोक्याचा रंग मधे बदलला होता. आधी हिरवी यायची, मग पांढरी. किती वर्षं झाली त्याला, मला सांगता येईना. पाकीट उलटून मी एकदाही पाहिलं नव्हतं. आणि मग ते सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. आमच्याकडे सलाइन रेंगाळतं, असं आम्ही म्हणायचो. आठ तासांचं अकरा तास चालायचं. आम्ही शिरेला दोष द्यायचो, थंडीला द्यायचो, पेशंट हात हलवतो म्हणून ओरडायचो. त्यावर आमचे विनोदसुद्धा होते.

मी तिथेच फोन लावला. माझ्या जागी आता माझी भाची आहे, थोरल्या भावाची मुलगी. माझ्याच हाताखाली शिकली, शाळा सुटल्यापासून माझ्या मागे मागे दवाखान्यात यायची. दुसऱ्या रिंगला तिने उचलला. आत्या, काय गं, अशा वेळी? मी म्हटलं, नळीचं एक पाकीट घे आणि मागे काय लिहिलंय ते वाच. ती हसली, मग माझा आवाज ऐकून हसायची थांबली. पाकीट चुरचुरल्याचा आवाज आला.

"वीस थेंब बरोबर एक मिली," तिने वाचलं. "का गं?"

मी विचारलं, तू कितीने भागतेस? ती म्हणाली, चारने, तूच तर शिकवलंस.

आत्ता कोणाला लावलंय का, मी विचारलं. होय, म्हणाली. एक बाई आहे, जुलाबांनी पार गळून गेलेली, तीन लेकरांची आई. डॉक्टर फोनवर बोलले, लिटर चार तासांत द्या म्हणाले. आठला लावलंय. बारा वाजले, आणि बाटलीत अजून पाव शिल्लक आहे. रेंगाळतंय नेहमीसारखं.

मला पुढचं बोलता येईना. फोन हातातून निसटतोय असं वाटलं, तेवढ्यात तो कोणीतरी घेतला. मोठी होती. मी तिला जवळ आलेलं पाहिलंच नव्हतं; फोनमधलं सगळं तिने ऐकलं होतं.

तिने स्वतःचं नाव सांगितलं. मग विचारलं, बाईची नाडी किती, आत्ता मोज, मी थांबते. जीभ कोरडी आहे का, लघवी झाली का. तिकडून उत्तरं येत होती आणि मोठी ती अध्यक्षांच्या टेबलावरच्या एका कोऱ्या कागदावर लिहून घेत होती. तिचा आवाज अजिबात चढत नव्हता. आत्तापर्यंत बासष्ट थेंबांनी चाललंय, ती म्हणाली, ते कमी आहे, त्र्याऐंशी हवे होते. आधी डॉक्टरांना फोन लाव आणि सांग की चार तासांत लिटर नाही, पाऊण लिटर गेलंय. ते हो म्हणाले की थेंब वाढव, पूर्ण मिनिटभर घड्याळ लावून मोज. मी फोन चालू ठेवते, तू दुसऱ्या फोनवरून त्यांच्याशी बोल.

सदस्याने घड्याळ बघणं सोडलं होतं. औषधशास्त्राच्या बाईंनी मोठीच्या कागदाकडे एकदा पाहिलं आणि मान डोलावली. माझ्या मनात एकच चाललं होतं. सव्वीस वर्षांतली पांढऱ्या खोक्यांची वर्षं किती? दहा? चौदा? तापाची माणसं, बाळंतिणी, पोटं फुगलेली पोरं. बहुतेक बरी होऊन घरी गेली. सगळी गेली नाहीत. जी घरी गेली नाहीत ती कशाने दगावली, ते आता कोणी सांगू शकणार नव्हतं, मीही नाही.

बऱ्याच वेळाने मोठी फोनवर म्हणाली, त्र्याऐंशी? पुन्हा मोज. बरं. तासाभराने परत कळव मला. मग ती ऐकत राहिली, आणि पहिल्यांदा तिचा चेहरा बदलला. तिने फोनवर तळहात ठेवला.

"आत्या," ती म्हणाली, "ती विचारतेय, आधीच्यांचं काय."

मी फोन घेतला. हे मोठीने सांगायचं नव्हतं.

"त्यांना कमी गेलं," मी म्हटलं. "सगळ्यांना. मी शिकवलं तसं."

मला पलीकडे भाचीचा श्वास ऐकू येत होता. तिच्या स्वतःच्या आईला शेवटच्या आजारपणात सलाइन मीच लावलं होतं, सलग चार दिवस, आणि हे आम्हा दोघींनाही त्याच क्षणी आठवलं असणार. मी वाट बघत राहिले. तिने फोन ठेवला असता तर मी तिला दोष दिला नसता.

"पेशंटची रजिस्टरं सगळी आहेत," ती शेवटी म्हणाली. "कधी येतेस?"

मी म्हटलं, उद्याच्या पहिल्या गाडीने.